काकांनी हलवलेलं गाव

"पायानं उलथवू नकोस. वाकून उचल," हसकेल काका म्हणाले आणि अंड्यांची बादली माझ्यापुढे धरली.

बादलीत अंडी नव्हती, खापरं होती. लाल, करडी, काही नुसती मातीच्या रंगाची. एखाद्याला कड शिल्लक होती, एखाद्याला कानाचा तुकडा. पाऊस पडून गेला की घरामागच्या टेकडीवर अशी खापरं उघडी पडायची, आणि काका शेडमधल्या कामाआधी एक चक्कर मारून ती वेचायचे.

"कशाला वेचता?"

"कोंबड्या इकडे येतात. पायात घुसतं त्यांच्या."

"मग टाकता कुठे?"

"ओढ्यापलीकडे."

मीही वेचायला लागलो. अलिबागहून नुकताच इस्राएलला आलो होतो, त्यांच्याच घरात राहत होतो, त्यांचंच खात होतो. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी केलं असतं.

ओढ्याच्या त्या बाजूला आणखी एक टेकडी होती. ही आमच्या टेकडीपेक्षा उंच, खडूसारख्या पांढऱ्या दगडाची. आम्ही बादली घेऊन तिच्यावर चढलो. काकांनी खापरं एका जागी ओतली नाहीत. मूठ मूठ घेऊन फेकली, शेतात बी फेकतात तशी. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय असेल.

उतरताना ते थांबले. दम लागला होता.

"पुढच्या आठवड्यात ऑर्ना येणार आहे. विद्यापीठातली. तिला ठरवायचंय, जुन्या गावासाठी खोदायचं कुठे. ह्या टेकडीवर की आपल्या."

"लिब्नासाठी?"

"लिब्नासाठी. तुला इंग्रजी येतं, नकाशे वाचता येतात. तिला पटव. लिब्ना ह्या टेकडीवर आहे. आपल्या टेकडीला कुदळ लागता कामा नये, एलिस."

"का पण?"

"सांगितलं ना. कोंबड्या बिथरतात."

मी सरळच सांगतो, मी काही शिकलेला माणूस नाही. बारावीला गचकलो, मग अलिबागच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले, आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं, असं घरोघरी सांगतात. लहानपणी बाबा तिथे न्यायचे. खाली कोण आहे, त्यांचं नाव काय, असं मी विचारायचो. बाबा म्हणायचे, नावं नाहीत, नुसते पूर्वज आहेत. ते मला आवडायचं नाही.

त्यातूनच नाद लागला असावा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी कॉम्प्युटरवर आमच्या शास्त्रातली, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्यातली, जुनी गावं शोधत बसायचो. इस्राएली लोक येण्याआधी ह्या देशात कनानी राहायचे. प्रत्येक गावाला वेगळा राजा. इस्राएली लोकांचा पुढारी यहोशवा, त्यानं त्यांच्यावर स्वारी केली, आणि कुठल्या गावानंतर कुठलं गाव घेतलं ते सगळं शास्त्रात आहे. पण त्यातली बरीचशी गावं आज जमिनीवर कुठे आहेत ते कुणालाच नक्की माहीत नाही. मग विद्वान लोक भांडतात. हे गाव त्या गावानंतर येतं, म्हणजे ह्या वाटेवर हवं. शेजारची गावं अमुक, म्हणजे ह्या खोऱ्यात हवं. टेकडीचा आकार बघतात, वर कुठल्या काळाची खापरं पडलीत ते बघतात, मग कुठे खणतात. मी वर्षानुवर्षं हे वाचलं, जुने नकाशे उतरवले, उपग्रहाच्या चित्रांवर रेघा मारल्या. कुणी शिकवलं नाही. त्यामुळे काय चुकीचं शिकलो तेही कुणी सांगितलं नाही.

मी इस्राएलला आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मलका मावशी आईची सगळ्यात मोठी बहीण. ती आणि काका लग्न झाल्यावर लगेच इकडे आलेले, आणि सरकारनं त्यांना ह्या मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांसाठी नव्यानं वसवलेल्या वस्तीत, एक घर आणि कोंबड्यांची शेड दिली. मूलबाळ नाही. परसात कढीपत्ता, कारली, आणि मागे ती टेकडी.

आणि लिब्ना म्हणजे ज्या गावांवरून विद्वान भांडतात त्यांतलंच एक.

*

ऑर्ना आली ती धुळीनं भरलेली चप्पल आणि भाजलेले गुडघे घेऊन. पन्नाशीची बाई, सिगारेट विझवायची आणि लगेच दुसरी काढायची. हिब्रूत सगळ्यांना एकेरीच बोलतात, त्यामुळे ती काकांना सरळ म्हणाली, "हसकेल, तू माझ्या सरांनाही हेच सांगितलं होतंस. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, आठवतंय?"

"तेव्हाही खरं होतं, आत्ताही खरं आहे."

मावशीनं टेबलावर नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण ठेवलं आणि मराठीत मला म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा हा माणूस एवढा बोलला असता तर मी दुसरं स्थळ बघितलं असतं."

"काय म्हणतेय?" ऑर्नानं विचारलं.

"जेव म्हणतेय," काका म्हणाले.

"मी म्हणतेय," मावशी हिब्रूत म्हणाली, "ह्यांना मेलेल्या कनान्यांची काळजी फार. जिवंत बायकोचे गुडघे विचारायला सवड नाही."

ऑर्ना हसली. काका नाही हसले.

मी माझे कागद पसरले. यहोशवा मक्केदाहून लिब्नाला गेला, तिथून लाखीशला. लाखीश कुठे ते ठाऊक आहे. म्हणजे लिब्ना त्याच्या उत्तरेला, एवढ्याशा पट्ट्यात. दोन्ही टेकड्या बसतात. पण हिब्रूत लिब्ना म्हणजे पांढरी, आणि पांढरा दगड पलीकडे आहे. ऑर्ना ऐकत होती, मान हलवत होती. मला कॉलर ताठ झाल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विद्यापीठातलं माणूस माझ्या रेघांकडे बघत होतं.

मग ती दोन्ही टेकड्यांवर फिरून आली. पिशवीतली खापरं तिनं मावशीच्या टेबलावर मांडली.

"गंमत आहे," ती म्हणाली. "तुझ्या मागची टेकडी माणसांनी राहून राहून झालेली दिसते. गावावर गाव, गावावर गाव, तसा आकार. पण वर खापर जवळजवळ नाही. आणि पलीकडे आकार साधा डोंगराचा, पण खापरं बघ. ही कनानी. ही पण. असं कधी होत नाही."

"खापरं काय सांगतात?" काकांनी विचारलं.

"खापरं सांगतात पलीकडे."

"मग?"

तिनं सिगारेट विझवली. "मग पलीकडे."

त्या संध्याकाळी काका दोनदा भात मागून जेवले. मावशीनं माझ्याकडे बघून भुवई उडवली.

*

पलीकडे खणायला मीही जात होतो, ऑर्नानं मला घेतलं होतं. चौकोन आखून दोर बांधायचे, माती थरानं काढायची, चाळायची. मला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

ते फार टिकलं नाही. वीतभर माती काढली की खाली दगड लागायचा. माणसानं रचलेला दगड नव्हे, डोंगराचाच. पहिल्या चौकोनात दगड, दुसऱ्यात दगड. भिंत नाही, जमीन नाही, चुलीची राख नाही. सगळी खापरं वरवर, गवतात.

ऑर्ना एका दुपारी चाळणीपाशी मांडी घालून बसली आणि मला हाक मारली. तिच्या हातात एक कडेचा तुकडा होता.

"हे मी आत्ता उचललं. खालचं गवत बघ. पिवळं पडलंय, पण मेलेलं नाही. म्हणजे हे इथे हजारो वर्षं पडलेलं नाही. गेल्या महिन्यात आलंय." तिनं तुकडा उलटा केला. मागे वाळलेलं काहीतरी पिवळं, आणि त्याला चिकटलेलं इवलं पांढरं पीस. "आणि हे?"

मी चाळणी पुढे ओढली.

"एलिस."

"अंड्याचा बलक आहे."

"तूही?"

"मी नुसती बादली धरली," मी म्हणालो. आणि म्हणतानाच मला कळलं की आम्ही दोघं काय करत होतो. काका खापरं टाकत नव्हते. गाव हलवत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आमच्याबरोबर घरी आली, स्वयंपाकघरात बसली आणि हळू आवाजात विचारलं, "हसकेल, किती वर्षं चाललंय हे?"

"पुष्कळ."

"का?"

"कोंबड्या..."

"कोंबड्यांचं नको सांगूस."

काकांनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला, प्यायले नाहीत. मावशी आधी हसायला लागली. "अहो, तुम्ही खापरं वाहत होतात? मला वाटायचं डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून जाताय." मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचं हसणं थांबलं.

"माझा हंगाम वाया गेला," ऑर्ना म्हणाली. "जे दिवस उरलेत त्यात मी तुझ्या मागच्या टेकडीवर दोर बांधते. माथ्याच्या उगवतीला. जमीन सरकारची आहे, तुझी परवानगी लागत नाही. तरी सांगायला आले."

"उगवतीला नको," काका म्हणाले.

"का नको?"

काका उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. ती गेली.

*

पुढच्या शनिवारी, म्हणजे कामाला सुट्टी असताना, काका जेवून उठले आणि टेकडीवर गेले. मावशीनं मला मागे पाठवलं. "जा, बघ. दोन दिवस धड खाल्लेलं नाही. विचारलं तर म्हणतात पोट बिघडलंय. माझ्याशी खोटं बोलायलाही जमत नाही ह्या माणसाला."

दोर आधीच बांधून झाले होते. काका एका चौकोनाच्या कडेला, दोराच्या बाहेर बसले होते, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. मी शेजारी बसलो.

"हा कुणाचा चौकोन?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणाला दिला नाही."

"तू माग."

"मागतो. काका, काय आहे इथे?"

खाली शेडमधला पंखा घरघरत होता.

"मलकाचे दिवस भरले होते," ते म्हणाले. "आम्हाला येऊन वर्षही झालं नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाळ आलं ते निळं. रडलंच नाही."

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आईला माहीत असेल, पण ती कधी बोलली नव्हती.

"तिला बघू दिलं नाही. बघितलं नाही तर लवकर विसरेल म्हणाले. तेव्हा सगळ्यांना असंच सांगायचे. मग पुरणारे लोक आले, काळे कोट घालून. मी विचारलं, कुठे ठेवाल? तर म्हणे, ते बापानं विचारायचं नसतं. जे बाळ महिनाभरही जगलं नाही त्याचा शोक नाही, त्याला दगड नाही, त्याची जागा आईबापाला सांगत नाहीत. रीत आहे म्हणाले. मी म्हटलं, बरं. गाडीपर्यंत मी नेतो." ते थांबले. "गाडीकडे गेलोच नाही. मागच्या दारानं निघालो ते शेताशेतातून चालत इथे आलो. घरातून मडकं घेतलं, फावडं घेतलं. इथे माती मऊ होती."

"मडकं कशाला?"

"नुसतं मातीत कसं घालू?"

मी मान हलवली.

"खणताना फावडं कशाला तरी लागलं. मला वाटलं दगड. हातानं माती काढली तर मडकं. जुनं, जाड. त्याचा गळा फोडलेला, आणि आत एवढी एवढी हाडं." त्यांनी करंगळी दाखवली. "मी तिथेच बसलो. आमच्या मडक्याचं तोंड लहान होतं, बाळ जात नव्हतं, आणि काय करायचं ते मला सुचत नव्हतं. मग मी त्या जुन्या मडक्याकडे बघितलं. त्या माणसालाही हीच अडचण आली असणार. त्यानं गळा फोडला होता. मीही फोडला. त्याच्याकडे बघून शिकलो. आणि ह्याला त्याच्या शेजारी ठेवलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "कनानी गाव इथेच आहे ते."

"सगळ्यांच्या आधी."

"आणि मावशी?"

"तिला सांगितलं, त्या लोकांनी नेलं. तिनं परत विचारलं नाही. मीही बोललो नाही. रोज वाटायचं, आज सांगू. मग इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं." त्यांनी गवताची काडी उपटली. "पुढे हे सर्व्हेवाले यायला लागले. मी बघितलं, ते काही खणत नाहीत. वरची खापरं वेचतात, पिशवीत भरतात आणि त्यावरून ठरवतात गाव कुठे होतं. म्हटलं, मग सोपं आहे."

"ऑर्नाला सांगू या. ती चौकोन सरकवेल."

"तिला सांगितलं की तिला कळवावं लागेल. हाडांचा कायदा आहे. मग तेच कोटवाले येतील."

"मग आपणच काढून दुसरीकडे..."

"नाही. एकदा पुरलंय मी. परत जमणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू चौकोन माग. वाचलं तर वाचलं. नाही वाचलं तर परक्याचा हात लागायला नको."

उठताना ते म्हणाले, "मी ती यहोशवाची हकिकत किती वेळा वाचली असेन. लिब्नात त्यानं एकालाही जिवंत सोडलं नाही. मला वाटायचं, हे लेकरू आधीच गेलं होतं, सुटलं. मग वाटायचं, असं म्हणणारा मी कोण."

*

चौकोन मला मिळाला. मी मुद्दाम सावकाश खणत होतो. माती काढायची, झाडायची, परत झाडायची. ऑर्ना दोनदा म्हणाली, "एलिस, तू खणतोयस की न्हाऊ घालतोयस?" मला वाटत होतं, हंगाम संपेल, दोर सुटतील, पाऊस येईल.

पण घराची जमीन लागली, चोपलेली, पांढरी, मधे एका जागी फुटलेली. त्याखाली गोलाई दिसली. मी कुंचला खाली ठेवला आणि वर माती ओढणार, तेवढ्यात ऑर्ना मागेच उभी होती.

"थांब."

ती खाली उतरली, गुडघ्यांवर बसली आणि माझा कुंचला घेतला. जाड काठ, फोडलेला गळा. तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरलो नाही. इतकी वर्षं शोधलेलं सापडल्यावर माणूस असा दिसतो.

"बाळ आहे," ती पुटपुटली. "ते लोक लहान मुलांना असंच मडक्यात घालून घराच्या जमिनीखाली ठेवायचे. बाहेर नाही पाठवायचे. एलिस, हे मिळालं म्हणजे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकते, कनानी इथे राहत होते. लिब्ना की आणखी काही ते नंतर बघू." ती हात चालवत राहिली. "आणि हे शेजारी दुसरं..."

दुसरं मडकं पातळ होतं. काळपट, गोल बुडाचं. त्याचाही गळा फोडलेला. तिनं बोट आत घातलं आणि काहीतरी बाहेर काढलं. गंजलेली सेफ्टी पिन.

ती टाचांवर मागे बसली. मग वर बघितलं. काका दोराबाहेर उभे होते. कधी आले होते कोण जाणे.

तिनं पिन होती तिथे परत ठेवली.

"हसकेल," ती म्हणाली, "मला कळवावं लागेल."

"माहीत आहे."

तेवढ्यात मावशी आली. तिचे गुडघे इतके वाईट होते की ती ह्या टेकडीवर कधी चढलेली मी पाहिली नव्हती. हातात डबा होता. "जेवायच्या वेळेला घरी यायचं नाही म्हणजे काय," असं म्हणत ती दोरापर्यंत आली आणि खाली बघितलं.

मी उठून तिच्या आड उभा राहायला गेलो. तिनं मला हातानं बाजूला केलं.

"हा माझा माठ आहे," ती म्हणाली.

ऑर्नानं कुंचला खाली ठेवला.

"आईनं दिलेला. मी विमानात मांडीवर घेऊन आले होते, इथलं पाणी गार होत नाही म्हणून. मी दवाखान्यातून आले तेव्हा नव्हता. तुम्ही म्हणालात, हातातून पडला." ती माठाकडे बघत होती, त्याच्या फोडलेल्या गळ्याकडे. मग शेजारच्याकडे. मग आत. डबा तिनं खाली ठेवला, अगदी सावकाश, सांडू नये म्हणून.

"मलका," काका म्हणाले.

"काय होतं?"

"मलका, मी तुला..."

"तू आधी सांग. काय होतं?"

मावशीनं त्यांना तू म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मुलगी."

ती खाली बसली, मातीतच. "दूध येत होतं मला," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "कपडे भिजायचे. मी विचार करायचे, कुणाचं आहे हे. मुलाचं की मुलीचं."

काका दोर ओलांडून तिच्याकडे यायला निघाले. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तिथेच थांबा." परत तुम्ही झालं होतं.

मग तिनं ऑर्नाला हिब्रूत विचारलं, "आता हिला कुठे नेणार?"

"माणसं येतील. कबरस्तानात नेतील. मी सांगेन त्यांना, जागा तुला दाखवायची म्हणून. आता काळ बदललाय."

"आणि ते दुसरं?"

"ते विद्यापीठात जाईल, मलका. आमच्याकडे."

"त्यालाही हिच्याबरोबर जाऊ दे. एवढी वर्षं ती दोघं शेजारी होती."

"ते कनानी आहे. तीन-साडेतीन हजार वर्षांचं. ते..." ऑर्ना अडखळली. "मला ते देता येत नाही."

"कुणाचं तरी लेकरूच आहे ना?"

ऑर्नानं खिशातून सिगारेट काढली आणि पेटवली नाही. तिनं पुढे अहवालात लिहिलं, इथे कनानी वस्ती होती, लिब्ना असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यात जुन्या मडक्याचा फोटो आहे, दोन बाजूंनी काढलेला. शेजारची जागा फोटोत रिकामी आहे. ते जुनं मडकं कुठल्या तरी तळघरात खोक्यात असेल. मी तिच्याकडे पुढच्या हंगामाला गेलो नाही. तिनंही बोलावलं नाही.

*

पुरायला जो आला तो काळ्या कोटातला कोवळा पोरगा होता. जुन्या लोकांतला कुणीच नव्हता. शांत, अदबीनं बोलणारा. कबरस्तानाच्या भिंतीलगत लहानसा खड्डा तयार होता. काका आणि मी पुढे, मावशी मागे बायकांच्या जागी, एकटीच.

दोघं घरात बोलत नव्हती. मावशी माझ्या ताटात वाढायची, त्यांचं ताट झाकून ठेवायची.

पोरानं पुस्तक उघडलं. "बाळाचं नाव?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"नाव लागतं," तो म्हणाला. "आता ठेवलं तरी चालेल. नावाशिवाय पुरत नाही आम्ही."

"मी नाही ठेवलं," काका म्हणाले. "आमच्यात मुलीचं नाव बायका ठेवतात. पाळण्यापाशी. मी कसं ठेवणार होतो?"

"शेगुला," मागून मावशी म्हणाली.

आठवायला तिला क्षणभरही लागला नाही. काका वळून तिच्याकडे बघायला लागले. ते नाव त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कुणाची मुलगी म्हणून म्हणू?" पोरानं विचारलं.

"मलकाची."

"बाई, बापाचं नाव म्हणावं लागतं."

"मग ते त्यांना विचारा," मावशी म्हणाली. "त्यांना मुलगी आहे हे मला आत्ता आत्ता कळलंय."

पोरगा काकांकडे वळला आणि वाट बघत राहिला. काकांनी स्वतःचं नाव सांगितलं, पण इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.